ढोबळी मिरचीच्या पॉलिहाऊसमध्ये शेडनेट कधी ओढावी

उभारणी झाली आहे, ठिबक चालू आहे, रोपं लागली आहेत असं धरतो. गटर (छपराच्या पावसाच्या पाण्याची पन्हळ) आणि गादीवाफे दक्षिणोत्तर ठेवलेले असावेत. म्हणजे गटरची सावली दिवसभर सरकत राहते, एकाच ओळीवर बसून राहत नाही.

पावसाळा सरला की पेपर, म्हणजे छपराचं प्लॅस्टिक, धुवून घ्या. मऊ कुंचा आणि पाणी पुरे. कडक ब्रशने ओरखडे पडतात आणि त्यात पुन्हा धूळ बसते.

लक्समीटर, म्हणजे उजेड लक्समध्ये मोजणारं यंत्र, विकत घ्या. मोबाईलच्या ॲपवर विसंबू नका. मीटर शेंड्याच्या उंचीवर, आडवा, आकाशाकडे तोंड करून धरायचा आणि चार-पाच ठिकाणी वाचायचा. स्वतःची सावली त्यावर पडू देऊ नका.

आता नेट, म्हणजे सावलीसाठी पिकावर आडवी ओढायची जाळी. ‘सकाळी दहाला ओढा, चारला उघडा, बारा महिने’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो आणि त्यानेच पीक जातं. हिशोब करून बघा. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर साधारण एक लाख लक्स असतो. नवा, स्वच्छ पेपर त्यातला सुमारे ८५ टक्के आत सोडतो. मिरचीला ५० ते ६० हजार हवा, म्हणून तेव्हा नेट (इथे ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मा उजेड अडवणारी) लागतेच. पण श्रावणातल्या ढगाळ दिवशी बाहेरच २० हजार असेल, तर पेपरखाली १७ हजार आणि नेटखाली साडेआठ! मग पेरं लांबतं, पानं पातळ पडतात, फुलं आणि बारीक सेटिंग (नुकती धरलेली फळं) गळून वाफ्यावर सडा पडतो. शेतकरी अन्नद्रव्य कमी पडलं समजून बोरॉन फवारत बसतो आणि नेट मात्र ओढलेलीच.

म्हणून घड्याळाकडे नको, मीटरकडे बघा. नेट उघडी असताना शेंड्यावर ६० हजारांच्या वर आकडा टिकला तर ओढा; ओढलेल्या नेटखाली तो ३० हजारांच्या खाली आला, म्हणजे नेटशिवाय ६० हजारांच्या खाली असता, की गुंडाळा. ढगाची एखादी सावली येऊन गेली म्हणून धावपळ करू नका. ‘आत गरम होतंय’ हे नेट दिवसभर ओढून ठेवायला कारण नाही. त्यासाठी बाजूचे पडदे वर करा, फॉगर (बारीक तुषार सोडणारी यंत्रणा) चालवा. आडवी पसरलेली नेट वर चढणारी गरम हवाही अडवते.

सगळ्यात अवघड वेळ झड संपून उघडीप पडते तेव्हाची. मलाही हे उमगायला वेळ लागला. आठ-दहा दिवस अंधारात वाढलेली पानं कोवळी असतात, मुळं गारठलेल्या, ओल्या मातीत मंदावलेली असतात. लख्ख ऊन पडलं की पानातून पाणी झपाट्याने जातं आणि मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत. माती ओली असूनही शेंडे माना टाकतात. ते बघून ठिबक चालू करू नका, मुळं आणखी गुदमरतात. पहिले दोन-तीन दिवस ४० हजारांनाच नेट ओढा, सकाळ-संध्याकाळ पूर्ण उघडी ठेवा, आणि रोज थोडी उशिरा ओढत मूळ आकड्यावर या. शेंडे दुपारी ताठ राहिले म्हणजे वेग बरोबर आहे.

या दिवसांत पानांची छाटणी बंद. फळावरचं पान काढलं की उन्हाकडच्या बाजूला पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो आणि ते फळ प्रतवारीतच बाजूला निघतं.