व्हर्टिकल फार्मिंगमध्ये करिअर करायचंय? आधी लाइट बिल वाचायला शिका

व्हर्टिकल फार्मिंग म्हणजे बंद खोलीत, एकावर एक रॅकवर, मातीऐवजी खताच्या पाण्यावर आणि एलईडीच्या उजेडात केलेली शेती. रीलमध्ये ते गुलाबी उजेडातले रॅक बघून कोणी ना कोणी विचारतंच, की बीएस्सी ॲग्री झालंय, या लाइनला यायचं का? मी पुण्याजवळच्या अशा एका इनडोअर फार्मवर ग्रोअर, म्हणजे पीक सांभाळणारी, होते (कंपनीचं नाव नको, ओळखीची माणसं अजून तिथे आहेत), आता पॉलीहाऊसवाल्यांसोबत काम करते, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलेलं सांगते.

सगळ्यात आधी एक हिशोब स्वतः करून बघा, कारण तो इंटरव्ह्यूमध्ये कोणी विचारत नाही आणि खरं तर तेवढाच विचारायला हवा. लेट्युसला (सॅलडचा पाला) एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण १४ मोल लाइट लागतो (मोल हे झाडाला मिळणारा उजेड मोजायचं माप), लाइटखाली महिनाभर धरला तर ४२० मोल. चांगला एलईडी एक ज्यूल वीज खाऊन ३ मायक्रोमोल (मोलचा दहा लाखावा भाग) उजेड देतो, म्हणजे १४० मेगाज्यूल, आणि ३.६ मेगाज्यूलचं एक युनिट, म्हणजे जवळपास ३९ युनिट वीज. त्या एका मीटरमध्ये दीडशे ग्रॅमचे पंचवीस गड्डे आले तर माल पावणेचार किलो. झाले की नाही किलोला दहाच्या वर युनिट? आणि हे नुसत्या लाइटचे. तो लाइट खोली तापवतो, ती उष्णता बाहेर काढायला एसी, पानांतून उडालेलं पाणी हवेतून काढायला डीह्युमिडिफायर, शिवाय पंप. युनिट ९ रुपये धरलं तरी बी टाकायच्या आधीच किलोमागे ९०-९५ रुपये नुसते लाइटचे गेले. तिकडे पाचगणी, नारायणगावचा शेतकरी तोच लेट्युस फुकटच्या उन्हात काढतो. पावसाळ्यात त्याचा माल सडतो, आवक घटते, तेव्हा इनडोअरला रेट मिळतो आणि मालक खूश असतो. डिसेंबर-जानेवारीत तोच हॉटेलचा पर्चेसवाला फोन उचलत नाही.

म्हणून मी म्हणते की पीक शिकायच्या आधी मीटर शिका. आपल्याकडे ग्रीनहाऊस, टिश्यू कल्चर, मशरूम यांना 'शेती - इतर' अशी वेगळी वीजदराची कॅटेगरी आहे, शेडमधला फार्म त्यात बसतो की कमर्शियल दर लागतो यावर अख्खा धंदा उभा-आडवा होतो. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा) असेल तर दर कमी असलेल्या तासांत लाइट चालवायचे, झाडाला आपला दिवस कधी उगवतो याने फरक पडत नाही, सोळा तास उजेड मिळाल्याशी मतलब. आणि गुरुवार! मेंटेनन्सला लाइट गेली की जनरेटर, आणि डिझेलचं बिल बघून मालकाचं तोंड.

रोजचं काम तसं छान आहे, खोटं नाही बोलणार. सकाळी खताच्या पाण्याच्या टाकीचा ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय ते) आणि पीएच बघायचा, लेट्युसला पीएच साडेपाच ते साडेसहाच्या आत ठेवायचा, घट्ट खतांचे दोन टँक, ए आणि बी, वेगळे ठेवायचे कारण कॅल्शियम नायट्रेट सल्फेट-फॉस्फेटसोबत घट्ट द्रावणात गेलं की खाली पांढरा गाळ बसतो आणि मग ड्रिपर चोक. पाणी तापलं की पिथियम (मुळं कुजवणारा रोग) येतो, मुळं तपकिरी बुळबुळीत होतात, मग मुळांना पाणी नेणारे चॅनेल धुवा, सगळं नव्याने. नवीन पोरं एका गोष्टीला हमखास फसतात. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या की कॅल्शियम कमी पडलं म्हणून टाकीत अजून ओततात. टाकीत कॅल्शियम भरपूर असतं हो, पण हवा हलत नसेल तर त्या कोवळ्या पानातून पाणी उडत नाही, पाणी उडत नाही तर कॅल्शियम तिथवर ओढलं जात नाही. त्यावर इलाज पंखा.

पाणी वाचतं हे खरं, उघड्या शेतापेक्षा खूपच कमी लागतं. पण बोअरचं पाणी जड असेल तर आरओ लागतो आणि त्या आरओचं खारं रिजेक्ट पाणी कुठे सोडता हे ब्रोशरमध्ये कधीच नसतं. विचारा.

आता सस्टेनेबिलिटीची दुसरी बाजू, माणसं. प्रेझेंटेशनमध्ये 'ग्रामीण महिलांना रोजगार' अशी एक स्लाइड असतेच. आमच्याकडे सीडिंग, ट्रान्सप्लांट, कापणी, पॅकिंग सगळं जवळच्या गावातल्या बायकाच करायच्या, रोजंदारीवर, ठेकेदारामार्फत, दिवसभर गारव्यात उभं राहून. त्यातल्या एक ताई ट्रे नुसता उचलून सांगायच्या की हलका लागतोय, इथे पाणी येत नाहीये, आणि बघावं तर खरंच ड्रिपर चोक. सेन्सर टाकीत होता ना, ट्रेपाशी नव्हता. त्या ताईंचा पगार मात्र पहिल्या दिवशी आलेल्या मुलीएवढाच. नवा सेन्सर घ्यायला पैसे निघाले, ताईंना कायम करायला नाही निघाले. आणि हा माल खातं कोण? दोनशे ग्रॅमचा डबा शंभर-सव्वाशेला, तो पॅक करणारी बाई संध्याकाळी जाताना मेथीची जुडीच घेऊन जायची.

हे फक्त आपल्याकडचं रडगाणं समजू नका. १९९९ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत डिक्सन डेस्पोमिएर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही उंच इमारतीतली शेतीची कल्पना मांडली, नंतर तिच्यात अफाट पैसा ओतला गेला, आणि २०२२ मध्ये युरोपात वीज भडकली, व्याजदर वाढले तसा एकेक पत्ता पडला. बर्लिनच्या इनफार्मने निम्म्याच्या आसपास माणसं काढली, अमेरिकेत एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बाउरीने नोव्हेंबर २०२४ मध्ये शटर ओढलं, प्लेंटीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. सिंगापूरचं गणित निराळं, ते नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणतात आणि शेतीला जमीन जवळपास नाहीच, तिथे सरकार पैसे घालतं ते अन्नसुरक्षेसाठी. मुंबईच्या मागे नाशिक आहे, जुन्नर आहे. सिंगापूरची स्लाइड मुंबईत दाखवणाऱ्याला मी तरी हात जोडते.

मग यायचंच नाही का? या की, पण दार नीट निवडा. गहू-तांदळाचं स्वप्न सोडा, लाइटचा खर्च निघतच नाही. बंद खोलीची किंमत वसूल होते ती रोपं, टिश्यू कल्चर (लॅबमध्ये झाडाच्या तुकड्यापासून केलेली रोपं), मायक्रोग्रीन्स (कोवळी असतानाच कापून खायची रोपं) अशा थोड्या जागेत जास्त पैसे देणाऱ्या गोष्टींत. नोकऱ्या खऱ्या पॉलीहाऊस आणि नर्सरीत आहेत, तळेगाव दाभाडेला हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटर आहे, तिथलं पॉलीहाऊसचं ट्रेनिंग आधी करा, स्वस्त आहे आणि हाताला माती लागते. बाहेर शिकायचं तर नेदरलँड्समधलं वॅगनिंगन विद्यापीठ, पण कर्ज काढून जाणार असाल तर परत येऊन इथल्या पगारात हप्ता फिटेल का हे आधी मांडा. मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाल्यांनो, तुम्ही ॲग्रीवाल्यांपेक्षा पुढे आहात, एसीचं लोड कॅल्क्युलेशन येणारा माणूस या लाइनमध्ये मिळत नाही.

जॉइन करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: किलोला किती युनिट पडतात, हिवाळ्यात माल कोण घेतं, हॉटेलचं पेमेंट किती दिवसांनी येतं. पहिल्याचं उत्तर "आम्ही तसं मोजत नाही" आलं तर चहा पिऊन निघा. आणि 'एका एकरात शंभर एकरांचं उत्पन्न, माल आम्हीच विकत घेणार' असं सांगून घरच्यांकडून लाखोंची बुकिंग मागणारे येतात ना, त्यांना एवढंच म्हणा की तुमचा चालू असलेला फार्म दाखवा आणि त्याचं मागच्या वर्षभराचं लाइट बिल दाखवा. फार्म दाखवतात काही जण. बिल दाखवणारा मला अजून भेटायचाय.