दुबईच्या नोकरीची ऑफर आली असता निर्णय कसा घ्यावा

पोटासाठी परमुलखात जाणे सांगली जिल्ह्याला नवे नाही. खानापूर-आटपाडी भागातील गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगले, जेथे दुकान थाटले तेथे कुटुंबही नेले आणि तेथेच रुळले. दुबईचे तसे नाही. तेथे सामान्य नोकरदाराचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की सवलतीच्या मुदतीत दुसरी शोधावी लागते, नाहीतर परतावे लागते. म्हणून मिरजेतील परिचारिका असो, कुपवाड एमआयडीसीतील फिटर असो की वाळवा तालुक्यातील अभियंता, पगाराचा आकडा रुपयांत गुणून पाहण्याआधी महिन्याकाठी किती उरणार आणि नोकरी गेल्यास घर कसे चालणार, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत.

सुरुवात ऑफर लेटरपासून करावी. त्यात एकूण पगार नव्हे, तर बेसिक (मूळ वेतन) किती आणि भत्ते किती, हे पाहावे. संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवरच मोजली जाते: किमान एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे आणि त्यापुढे दरवर्षी 30 दिवसांचे बेसिक. समजा दोन कंपन्या महिन्याला सारखेच 8,000 दिरहम (अमिरातीचे चलन) देत आहेत. एकीचे बेसिक 3,000 आणि दुसरीचे 5,000 आहे. पाच वर्षांनी पहिल्या कंपनीतून 10,500 आणि दुसरीतून 17,500 दिरहम हाती येतील. बेसिक वाढवून मागण्याची वेळ सही करण्यापूर्वीचीच असते, नंतर कोणी ऐकत नाही. परीक्षणकाळ सहा महिन्यांपेक्षा जास्त लिहिला असेल तर तो कायद्यात बसत नाही, हेही लक्षात ठेवावे.

खरी कसोटी घरभाड्यात लागते. सांगलीत विश्रामबागेला भाड्याने राहणारा माणूस महिन्याचे भाडे महिन्याला देतो. दुबईत वर्षाचे भाडे आगाऊ तारखांच्या एक, दोन किंवा चार धनादेशांत देण्याची प्रथा आहे. वर्षाला 48,000 दिरहमचे घर चार धनादेशांवर घेतले असे धरू. पहिला धनादेश 12,000, साधारण पाच टक्के अनामत 2,400, दलाली तेवढीच आणि वीज-पाण्याच्या जोडणीची अनामत 2,000, असे 18,800 दिरहम घरात पाऊल टाकण्यापूर्वीच लागतात, म्हणजे 8,000 पगाराच्या माणसाचे दोन महिन्यांहून अधिक उत्पन्न. शिवाय वार्षिक भाड्याच्या पाच टक्के महापालिका शुल्क वीज-पाण्याच्या बिलातून बारा महिने वसूल होते. कंपनी राहण्याची सोय किंवा भाड्यासाठी आगाऊ रक्कम देणार आहे का, हे त्यामुळे लेखी विचारून घ्यावे. ती देणार नसेल आणि हाताशी शिल्लक नसेल, तर माझ्या मते पहिले वर्ष एकट्याने, खोली वाटून राहूनच काढावे.

पगारावर तेथे प्राप्तिकर नाही आणि दिरहम अनेक वर्षे डॉलरशी 3.6725 या स्थिर दराने बांधलेला आहे. रुपया घसरला की घरी पाठवलेल्या पैशाचे मोल वाढते, हा फायदा खरा आहे. मात्र तो गृहीत धरून गावाकडे मोठे कर्ज काढू नये; हप्ता थांबत नाही, नोकरी थांबू शकते. तेथे सक्तीचा असलेला बेरोजगारी विमा फार तर तीन महिने बेसिकच्या 60 टक्के देतो, त्यालाही कमाल मर्यादा आहे, आणि राजीनामा देणाऱ्याला तो मिळत नाही.

उन्हाबद्दल आपल्याकडचा, विशेषतः जत-आटपाडीचा माणूस बेफिकीर असतो, कारण चाळिशीचा पारा त्याने पाहिलेला असतो. पण आपला उन्हाळा कोरडा असतो आणि मृग लागला की उतरतो. दुबईत मे ते सप्टेंबर पारा चाळीसच्या वर जातो, समुद्राची दमट हवा रात्रीही अंग सुकू देत नाही, आणि वळवासारखा दिलासा मिळत नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 उघड्यावर काम करून घेण्यास तेथे कायद्याने बंदी आहे, यावरूनच त्या उन्हाची कल्पना यावी. काम कार्यालयात आहे की साइटवर, हे पदनामावरून ठरवू नये. ‘इंजिनिअर’ या एका शब्दात दोन्ही मावतात. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने साइटचे काम घेण्यापूर्वी डॉक्टरांचे मत घ्यावे. डिसेंबरात फिरायला जाऊन आलेल्या नातेवाइकाचे मत मात्र या बाबतीत निरुपयोगी आहे.

पत्नी-मुलांना नेण्यासाठी किमान 4,000 दिरहम, किंवा निवासासह 3,000 दिरहम पगार लागतो. ही केवळ परवान्याची अट झाली. भारतीय अभ्यासक्रमाच्या खासगी शाळांची फी धरली की एवढ्यात संसार होत नाही. घरातील आई-वडिलांची औषधे, दवाखाना कोण पाहणार, हेही भावंडांशी आधी बोलून ठरवावे. सामान भरताना खसखस अजिबात ठेवू नये: ती तेथे बंदी असलेला पदार्थ आहे, आणि आपल्या घरच्या मसाल्यात व अनारशांत ती हमखास असते. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेल्या औषधांसाठी पूर्वपरवानगी लागते.

एजंट गाठायचा असेल तर त्याचे नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरील नोंदणीकृत यादीत तपासावे. त्याला घेता येणारे सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढेच आहे, आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घेण्यास तेथील कायद्याचीही मनाई आहे. त्यामुळे लाखांची मागणी झाली की तेथेच उठावे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चला, नंतर पाहू’ असे सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवू नये, कारण त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सामान्यतः ईसीआर (स्थलांतर तपासणी आवश्यक) अशी नोंद असते व त्यांना निघण्यापूर्वी स्थलांतराची रीतसर मंजुरी लागते.

गावाकडील व्यवहारांत एक गोष्ट शेतकरी कुटुंबांच्या ध्यानात येत नाही. अनिवासी झाल्यावर वडिलोपार्जित शेती ठेवता येते, वारसाने मिळवताही येते, पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. दुबईच्या पैशातून शेजारचा बांध घेण्याचा बेत असेल तर तो आजच तपासून घ्यावा. बचत खाते एनआरओ म्हणजे अनिवासींच्या साधारण खात्यात बदलावे लागते. तिकडून पाठवलेल्या पैशासाठी वेगळे एनआरई (अनिवासी बाह्य) खाते असते व त्याचे व्याज भारतात करमुक्त असते.

पदवी प्रमाणपत्राच्या साक्षांकनाला राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास असे टप्पे असल्याने ते काम ऑफर येताच सुरू करावे. सध्याच्या नोकरीचा राजीनामा मात्र प्रवेश परवाना हाती आल्यावर आणि त्यावरील पद ऑफर लेटरशी पडताळून पाहिल्यावरच द्यावा; नोटीसचा काळ लांब असेल, तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलण्याची विनंती नव्या कंपनीला तेव्हाच लेखी करावी.