तालुका कोर्टातून विधानसभेत जायचंय? नवीन वकिलांसाठी थोडं अनुभवाचं

सनद (वकिलीचा परवाना) हातात आली की बरेच ज्युनियर विचारतात, सर राजकारणात जायचंय, जिल्ह्याला प्रॅक्टिस करू का मुंबई गाठू? मी सोलापूर जिल्ह्यात तालुका कोर्टात वकिली करतो, माझं सरळ मत आहे की आमदारकी डोक्यात असेल तर तालुक्यालाच बसा.

आमच्याकडं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे सांगोल्याचे गणपतराव देशमुख, आबासाहेब. शिक्षणानं वकील, पक्ष शेतकरी कामगार. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले आणि 2014 ला अकराव्यांदा. मधे 1972 आणि 1995 ला पडले पण तालुका सोडला नाही, 1974 च्या पोटनिवडणुकीत आणि 1999 ला परत आले. दुष्काळी भाग, पाणी हा एकच विषय किती वर्षं लावून धरला त्यांनी! क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींसोबत पाणी परिषदा घेतल्या, आटपाडी-सांगोल्याकडची माणसं वर्षानुवर्षं त्यात जमत राहिली. ही चिकाटी मला भाषणापेक्षा मोठी वाटते.

आता कामाचं. तालुक्याला येणारा पक्षकार प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, जुने फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदी), मोजणीचा नकाशा, लाईटबिल सगळं एकत्र कोंबून आणतो. ते टेबलावर पसरून बघायला शिका, घाई करू नका. फेरफारात बहिणीचं नाव कधी कमी झालं, कुणाच्या सहीनं झालं, नोटीस कुणाला गेली, हे वाचता आलं की त्या गावातली भांडणं, भावकी, तलाठ्याचा कारभार सगळं कळतं. रस्ता अडवला म्हणून मामलेदार कोर्ट ॲक्टखाली तहसीलदाराकडं अर्ज करायला एकाच भागातून माणसं यायला लागली तर थांबून विचार करा. वकील प्रत्येकाचं वकीलपत्र घेतो, आमदार मात्र त्या सगळ्यांचा मिळून एक तारांकित प्रश्न (मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) टाकतो नाहीतर लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लावतो. ही नजर कोर्टातच तयार होते म्हणून सांगतोय, त्यासाठी वेगळी डायरी ठेवा, गाव आणि विषय लिहून ठेवा, नावं नकोत, कारण पक्षकाराची गोष्ट बाहेर जाता कामा नये.

एक अडचण कुणी सांगत नाही. वाटपाच्या दाव्यात तुम्ही एका भावाचे वकील असता, दुसरा भाऊ पण मतदारच आहे आणि त्याची पोरंपण. म्हणून उलटतपासात घासून प्रश्न विचारा पण म्हाताऱ्या माणसाचा भर कोर्टात पाणउतारा करू नका, तो माणूस निकाल विसरेल, अपमान विसरणार नाही. आणि मिटण्यासारखं असेल तर मिटवा, फी गेली तरी चालेल.

कायद्याच्या अटी फार नाहीत. वय 25 पूर्ण, राज्यात कुठंतरी मतदार यादीत नाव. डिपॉझिट 10 हजार, अनुसूचित जाती-जमातीला 5 हजार, आणि एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर पडलेल्या उमेदवाराचं जप्त. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक (उमेदवारी सुचवून अर्जावर सही करणारे मतदार) लागतात. सरकारी वकिलाचं पद असेल तर लाभाच्या पदाचा (सरकारकडून लाभ मिळणाऱ्या पदामुळं अपात्र ठरण्याचा) विषय फॉर्म भरायच्या आधीच नीट तपासा, छाननीच्या दिवशी धावपळ नको.

निवडून आल्यावर वकिली सोडावी लागते का हे पण सगळे विचारतात. 2018 मधे सुप्रीम कोर्टानं आमदार-खासदारांना प्रॅक्टिसला बंदी घालायला नकार दिला, त्यामुळं करता येते. पण अधिवेशन मुंबई-नागपूरला, तारीख तालुक्याला, दोन्हीकडं पोचणं होत नाही. एक चांगला ज्युनियर आधीपासून तयार करा आणि पक्षकाराला वकीलपत्र घेतानाच सांगा की तारखेला हा उभा राहील.