बसून चालवायच्या मोअरने गवत उंचसखल कापले जात असेल तर

सांगली-मिरज रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयाचे लॉन असो की पाचगणीच्या निवासी शाळेचे मैदान, कापलेले गवत एकीकडे आखूड आणि दुसरीकडे लांब दिसू लागले की बहुतेक जण पहिला पाना डेकच्या, म्हणजे पात्यांवरील पत्र्याच्या झाकणाच्या, बोल्टांना लावतात. तो खरे तर सर्वांत शेवटी लावायचा असतो. चाकांत हवा कमी-जास्त असताना डेक समतल केला, तर हवा भरताच तो पुन्हा तिरका होतो.

आधी गवत नीट पाहावे. दर फेरीच्या कडेला जिन्यासारखी पायरी दिसत असेल तर डेक एका अंगाला झुकला आहे, असे समजावे. दोन पात्यांच्या मधोमध न कापलेली बारीक पट्टी राहत असेल तर पात्यांची टोके झिजली आहेत किंवा डेकच्या आत गवत साचले आहे. शेंडे चिरफाळून एक-दोन दिवसांत तपकिरी पडत असतील तर पात्यांची धार गेली आहे.

त्यानंतर यंत्र सपाट कोब्यावर उभे करून इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावावा, किल्ली काढावी आणि स्पार्क प्लगची वायर सोडवून बाजूला करावी. वायर जोडलेली असताना पात्याला हात लावू नये.

पहिली तपासणी हवेची. या चाकांना हवा फार कमी लागते, साधारण १० ते १४ पौंड. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो. पंक्चरवाला सवयीने दुचाकीइतकी हवा भरून देतो आणि घोळ तिथेच सुरू होतो, म्हणून कमी दाब दाखवणारा छोटा गेज जवळ ठेवलेला बरा. बाभळीच्या काट्याने एकच चाक हळूहळू बसत असेल, तर ते नुसते पाहून कळत नाही.

पावसाळ्यात डेकच्या आत ओल्या गवताचा थर बसतो आणि पात्याने उठणारा वारा अडतो, त्यामुळे गवत उभे न राहता आडवे होऊन पात्याखालून सुटते. हा थर खरवडून काढावा. यंत्र उचलावे लागल्यास नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत.

जाड हातमोजे घालून पात्याचे एक टोक जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे, पाते अर्धा फेरा फिरवून दुसरे टोक त्याच जागी आणावे आणि पुन्हा मोजावे. फरक ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर पाते वाकले आहे. ते हातोडीने सरळ करण्याच्या फंदात न पडता नवे घालावे, कारण ठोकलेले पाते पुढे वेगात तुटू शकते. नवे पातेही तसाच फरक दाखवत असेल, तर स्पिंडल, म्हणजे पाते ज्यावर फिरते तो दांडा, वाकला आहे. टोक धरून वर-खाली हलवल्यावर पाते डगडगले, तर बेअरिंग गेले आहे. धार लावताना मूळ उतार सोडू नये. मधले भोक खिळ्यात अडकवून पाते आडवे राहते का पाहावे आणि जड बाजू घासावी. बसवताना पात्याचे वळलेले पंख डेककडे, म्हणजे वरच्या बाजूला, आले पाहिजेत.

आता डेक. कापणीची उंची मधल्या खाचेवर ठेवून पाती आडवी करावीत आणि डाव्या-उजव्या बाहेरील टोकांची उंची मोजावी. फरक ३ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत उचलणाऱ्या दांडीचा नट थोडा थोडा फिरवावा. मग पाती उभी करून पुढची-मागची टोके मोजावीत. पुढचे टोक ३ ते १० मिलिमीटर खाली असावे, म्हणजे मागचे टोक तेच गवत पुन्हा ओरबाडत नाही.

एवढे करूनही पट्टी राहिली तर बेल्ट सैल आहे का ते पाहावे, इंजिनाचा वेग पूर्ण ठेवून गाडी सावकाश हाकावी आणि दोन फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढू द्याव्यात. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पावसानंतर चाके रुततात, त्यामुळे वाफसा येईपर्यंत कापणी थांबवावी, आणि जमिनीतच खड्डे असतील तर चाळलेला पोयटा पसरून ते भरून घ्यावेत.