कौशल्य प्रशिक्षणाचं अनुदान: अर्जाआधीची तयारी

संस्थेची नोंदणी, पॅन, लेखापरीक्षित ताळेबंद, दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या एनजीओ पोर्टलवरचा) हे असणारच. नसेल तर आधी ते करा. सीएला सप्टेंबरात गाठू नका, रिटर्नच्या गर्दीत तो फोन उचलत नाही.

कोर्स ठरवण्याआधी नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर या एमआयडीसी फिरून या. कुणाला वेल्डर हवेत, कुणाला इलेक्ट्रिशियन, ते विचारा आणि लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात पद, पगार आणि सही करणाऱ्याचा हुद्दा हवा. ‘सहकार्य करू’ असल्या पत्रानं फक्त फाईल जाड होते. भरती ठेकेदारामार्फत होणार असेल तर पत्रही त्याचंच घ्या, कारण पगार त्याच्याच खात्यातून येणार. मागच्या खेपेला आमचं इथेच फसलं: पोरं कामाला लागली होती, पुरावा नव्हता.

२०१५ च्या कॉमन नॉर्म्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या कौशल्य योजनांसाठीच्या सामाईक नियमांवर, चालणाऱ्या योजनांत पैसे तीन हप्त्यांत येतात. बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रमाणपत्रांनंतर ५०, आणि उरलेले २० नोकऱ्या लागल्यावर. तो शेवटचा हप्ता पूर्ण हवा तर प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी निदान ७० टक्के मुलं तीन महिन्यांत कामाला लागलेली दाखवावी लागतात. दाखवावी लागतात, नुसती लागून भागत नाही! तुमच्या योजनेत हप्ते वेगळे असू शकतात, तिच्या मार्गदर्शक सूचना स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका.

म्हणून प्रवेशाच्या दिवशीच घरच्या कुणाचा तरी दुसरा नंबर घ्या, पोट्टे सिम बदलत राहतात. बँक खातं चालू आहे का बघा. नेमणूकपत्र, पगाराची स्लिप, पासबुकातली नोंद हे तिन्ही लागेल असं आईवडिलांसमोर सांगा. रोख पगार देणाऱ्याकडे कुणाला पाठवूच नका. आणि स्लिप महिन्याच्या महिन्याला घ्या. मुलगा पुण्याला गेला की स्लिप सोडा, फोनही लागत नाही.

प्रशिक्षण केंद्राचं सोपं आहे: ठरलेली जागा, यंत्रं, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह, अग्निशमनाचा दाखला. प्रशिक्षकाचं टीओटी (प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र मुदतीत आहे ना? बायोमेट्रिक हजेरीसाठी इन्व्हर्टर ठेवा. मे महिन्यात दुपारची बॅच लावू नका बाप्पा, त्या उन्हात कामठीहून कोण येतं! सकाळची वेळ आधीच मंजूर करून घ्या.

भाडं आणि प्रशिक्षकांचे पगार काही महिने खिशातूनच जाणार, तेवढी सोय नसेल तर एकच बॅच मागा.

केंद्र सरकारचं अनुदान असेल तर खर्चाच्या बिलांबरोबर उपयोगिता प्रमाणपत्र, नमुना १२-ए, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत. आगाऊ रकमेवरचं व्याज परत करायचं असतं, ते खर्चू नका. फोटो, विमा, मूल्यांकनाची तारीख: सूचनांत आहे. अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांकासह. आणि स्लिपांची फाईल बॅचनिहाय वेगळी, आजच उघडा.