फ्लेकला हात लावायच्या आधी सेटअप मोजा

दुपारी तलावपाळीला पोलरॉइड गॉगल लावून उभं राहा आणि मान खांद्याकडे तिरकी करा, पाण्यावरची दिसेनाशी झालेली चमक परत येते बघा. पाण्यावरून येणारी ती चमक बरीचशी आडव्या दिशेत पोलराइज्ड असते, म्हणजे तिची कंपनं मुख्यतः आडव्या दिशेत होतात, गॉगल ती अडवतो. आपल्याला असा डिटेक्टर (प्रकाश पडला की करंट देणारं उपकरण) करायचाय जो वर फिल्टर न लावताच ही दिशा ओळखेल, म्हणजे मटेरियलच एका दिशेत जास्त प्रकाश खाणारं हवं.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड अशा सगळ्या लॅबमध्ये पडलेलं असतं पण इथे ते चालत नाही, थरातल्या सगळ्या दिशा त्याला सारख्याच. ब्लॅक फॉस्फरसचा थर पन्हळी पत्र्यासारखा, पन्हळींना आडव्या दिशेतला प्रकाश तो जास्त शोषतो. मस्त मटेरियल आहे, पण ठाण्यातला जुलै त्याला मानवत नाही. शुक्रवारी उघडा ठेवलेला माझा फ्लेक (क्रिस्टलवरून सोलून काढलेला पातळ पापुद्रा) सोमवारी मायक्रोस्कोपखाली बघितला तर घामोळं उठल्यासारखा झाला होता. नवीन असाल तर सरळ रेनियम डायसल्फाइड घ्या, हवेत टिकतं.

क्रिस्टलचा तुकडा टेपवर ठेवून पाच-सहा वेळा टेप दुमडा-उघडा, मग ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवाल्या सिलिकॉनवर दाबून हळूऽऽ सोलायची. लांब सरळ कडा असलेला फ्लेक शोधा, हे मटेरियल बहुतेक वेळा रेनियमच्या साखळीच्या दिशेनेच फाटतं, त्यामुळे अक्ष कुठे आहे त्याचा अंदाज तिथेच येतो. रामनने (विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या चाचणीने) खात्री करा आणि क्रोमियम-सोन्याचे इलेक्ट्रोड टाका.

खरी गंमत मोजताना. रेनियम डायसल्फाइडचा बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण १.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळे ५३२ किंवा ६३३ नॅनोमीटरचा लेझर चालतो. मी सुरुवातीला पोलरायझरच (एकाच दिशेचा प्रकाश सोडणारा फिल्टर) फिरवत बसलो आणि कोनाप्रमाणे करंटच्या गोल ग्राफवर काय सुंदर आठचा आकडा आला, दोन दिवस हवेत होतो, मग सरांनी फ्लेकच्या जागी पोलरायझेशनची दिशा न ओळखणारा साधा सिलिकॉन फोटोडायोड ठेवायला लावला तर तिथेही तोच आठ! लेझर मुळात पोलराइज्डच होता, पोलरायझर फिरला की पॉवरच कमी-जास्त होत होती.

म्हणून पोलरायझर फिक्स ठेवा आणि त्याच्या पुढे हाफ-वेव्ह प्लेट (पोलरायझेशनची दिशा वळवणारी काच) फिरवा. प्लेट ५ अंश फिरली की पोलरायझेशन १० अंश फिरतं, ग्राफ काढताना हे दुप्पट करायला विसरतात लोक. आधी ऑब्जेक्टिव्हनंतर (मायक्रोस्कोपच्या भिंगानंतर) फोटोडायोड ठेवून प्रत्येक कोनाला पॉवर लिहून घ्या, मग फ्लेकचं रीडिंग घ्या, त्यातून डार्क करंट (लेझर बंद असतानाचा करंट) वजा करा आणि उरलेल्याला त्या पॉवरने भागा. स्पॉट फ्लेकच्या मधोमध ठेवा, इलेक्ट्रोडच्या कडाही पोलरायझेशनप्रमाणे प्रकाश कमी-जास्त विखुरतात आणि फसवतात.

शेवटी सॅम्पल ३० अंश फिरवून सगळं परत मोजा. आठचा आकडा पण ३० अंश फिरला तर तो फ्लेकचा. जागच्या जागी राहिला तर परत फोटोडायोड ठेवून पॉवर तपासा.