सत्तरच्या दशकातील दुर्मीळ सोल रेकॉर्ड : ठाण्यात बसून जमवाव्यात आणि तपासाव्यात कशा

सत्तरच्या दशकातील सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या रेकॉर्ड जमवायच्या असतील, तर रेकॉर्ड ऐकण्याआधी ती वाचायला शिकावे लागते. शेवटची खाच संपते आणि कागदी लेबल सुरू होते, त्या दोहोंच्या मध्ये एक कोरा, गुळगुळीत पट्टा असतो; संग्राहक त्याला रनआऊट म्हणतात. नौपाड्यातल्या आमच्या घरी मी टेबलावरचा दिवा आडवा करतो आणि त्याच्या उजेडात रेकॉर्ड सावकाश फिरवत हा पट्टा पाहतो. उजेड सरळ पडला तर काहीच दिसत नाही. तिरपा पडला की कोणी सुईने कोरलेले आकडे, एखादा ठसा, एखादे आद्याक्षर उमटून येते. रेकॉर्ड कुठल्या कारखान्यात निघाली आणि तिचा मास्टर, म्हणजे जिच्यावरून प्रती छापतात ती मूळ तबकडी, कुठे कापला गेला, याची नोंद इथे असते, आणि ती गिऱ्हाइकासाठी केलेली नसल्यामुळे सहसा थाप मारत नाही.

दुर्मीळ कशाला म्हणायचे, हे आधी ठरवून घ्यावे. डेट्रॉइटमध्ये उभी राहिलेली आणि १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला गेलेली मोटाउन, डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरीत बुडालेली मेम्फिसची स्टॅक्स, केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ यांनी १९७१ मध्ये काढलेली फिलाडेल्फिया इंटरनॅशनल, या कंपन्यांच्या गाजलेल्या रेकॉर्ड अमाप खपल्या आणि आजही सहज मिळतात. खरी दुर्मीळ असते ती एखाद्या मध्यम शहरातल्या रेडिओ निवेदकाने किंवा दुकानदाराने पदरचे पैसे घालून काढलेली, पाचशे-हजार प्रतींची सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेली छोटी रेकॉर्ड, जी रेडिओवर वाजली नाही आणि खोक्यातच राहिली. अशा रेकॉर्डना भाव आला तो इंग्लंडच्या उत्तर भागात. विगन कसिनो या नाचघरात १९७३ ते १९८१ या काळात तरुण मंडळी रात्रभर अमेरिकेने विसरलेल्या गाण्यांवर नाचत, आणि आपल्याकडची रेकॉर्ड दुसऱ्याला सापडू नये म्हणून तिथले डीजे लेबलावर कागद चिकटवून गायकाचे नाव खोटेच सांगत. आपल्याकडे काही गवई आपली खास बंदिश हातची राखत, तसाच हा प्रकार म्हणायचा. फ्रँक विल्सन यांच्या १९६५ च्या एका सिंगलची प्रत २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली, ती याच वेडापायी. रेकॉर्ड साठच्या दशकातली असली, तरी बाजाराची रीत तिच्यावरून नीट कळते.

आता वाचनाकडे वळू. लेबलावर वर्ष छापलेले नसेल, तर पहिल्यांदा वर्तुळातला इंग्रजी पी शोधावा. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचे संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पासून मिळाले आणि हे चिन्ह तेव्हापासून लेबलांवर येऊ लागले, त्यामुळे ते असेल तर छपाई त्यानंतरची धरावी. नसेल तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये, कारण छोट्या कंपन्या असल्या बाबतीत फार ढिल्या होत्या. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल, तर रेकॉर्ड १९६३ नंतरची असते. रनआऊटमध्ये एआरपी असा ठसा असेल, तर ती मिशिगनमधल्या ओवोसो गावच्या अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग या कारखान्यातली, आणि तो कारखाना १९७२ मध्ये आगीत गेला. वर्तुळातले एमआर आणि त्रिकोणापुढे लिहिलेला आकडा ही लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची खूण होय. त्रिकोणाचे आकडे चढत्या क्रमाने दिलेले असल्यामुळे वर्ष ठाऊक असलेल्या दुसऱ्या रेकॉर्डशी ताडून काळ काढता येतो. सिनसिनाटीच्या राइट कारखान्याचे क्रमांकही असेच उपयोगी पडतात, आणि चर्चच्या गायकवृंदांपासून गल्लीतल्या बँडपर्यंत अनेकांनी तिथे रेकॉर्ड छापून घेतल्या असल्यामुळे ते वारंवार समोर येतात. फ्रँकफर्ड-वेन हे नाव दिसले, तर मास्टर बहुधा फिलाडेल्फियात कापला असे समजावे.

माझ्याकडे डेट्रॉइटचा पत्ता असलेली एक सिंगल आहे. तिच्यावर वर्ष नाही आणि वर्तुळातला पीही नाही. झिप कोड आहे, स्टिरिओ असे छापलेले आहे आणि रनआऊटमध्ये एआरपीचा ठसा आहे. सिंगलवर स्टिरिओ साठचे दशक संपताना रुळू लागले आणि ओवोसोचा कारखाना १९७२ मध्ये जळाला, म्हणजे चार-पाच वर्षांचा पट्टा घरबसल्या हाती आला. पुढचे काम गीतकाराच्या नावाने केले. गाण्याच्या शीर्षकाखाली कंसात छापलेली नावे आणि प्रकाशन संस्था घेऊन अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाचे जुने खंड पाहावेत; १९७७ पर्यंतचे खंड स्कॅन केलेले आहेत आणि १९७८ पासूनच्या नोंदी थेट शोधता येतात. वर्ष मला तिथे मिळाले, शिवाय एका गीतकाराचे पूर्ण नावही मिळाले, जे लेबलावर केवळ आडनावापुरते होते.

पूर्ण नाव हाती आले की शोधाची दिशा बदलते आणि खरी गंमत सुरू होते. बिलबोर्ड आणि कॅश बॉक्स या व्यापारी साप्ताहिकांचे जुने अंक चाळावेत. बिलबोर्डच्या ज्या यादीला आज आपण आर अँड बी म्हणतो, तिचे नाव ऑगस्ट १९६९ ते जून १९८२ या काळात सोल असे होते, तेव्हा शोधताना शब्द त्या काळाचा वापरावा. छोट्या कंपन्यांचा इतिहास मात्र साप्ताहिकांपेक्षा त्या त्या शहराच्या वर्तमानपत्रांत आणि मृत्युलेखांत जास्त सापडतो. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात कॅपसोल ही कंपनी काढणारे बिल मॉस रेडिओवर निवेदक होते आणि पुढे त्याच शहराच्या शाळा मंडळावर निवडून आले. अशा माणसाचा माग संगीताच्या पुस्तकांपेक्षा गावच्या बातम्यांतून लवकर लागतो. कॅपसोलच्या गाण्यांचे संकलन शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने २००४ मध्ये काढले. अशा संकलनांसोबतच्या पुस्तिका आवर्जून वाचाव्यात, कारण त्या लिहिणाऱ्यांनी हयात गायकांना गाठून विचारलेले असते. डिस्कॉग्ससारख्या इंटरनेटवरच्या सूचीतल्या तारखा मात्र कोणीतरी कोणाची तरी नक्कल करून भरलेल्या असू शकतात. त्या सुरुवातीला ठीक, पुरावा म्हणून नव्हेत. गायकाच्या घरच्यांना पत्र लिहायची वेळ आली, तर आधी त्या माणसाविषयी विचारावे. माळ्यावर प्रती शिल्लक आहेत का, हा प्रश्न पहिल्याच पत्रात घालणारे संग्राहक मी पाहिले आहेत, आणि त्यांना उत्तर येत नाही.

नकली प्रतींपासून फार जपावे लागते. दुर्मीळ सिंगलच्या चोरट्या प्रती सत्तरच्या दशकातच इंग्लंडमध्ये निघत होत्या, त्यामुळे रेकॉर्ड जुनी दिसते म्हणून ती अस्सल ठरत नाही. अस्सल प्रतीत मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे रनआऊटमधला मास्टरचा क्रमांक, यंत्राने ठोकलेला असेल आणि समोरच्या प्रतीत तो हाताने खरवडलेला असेल, किंवा लेबलावरची बारीक अक्षरे फोटोवरून छापल्यासारखी भरून आली असतील, तर थांबावे. अमेरिकेत कित्येक सिंगल व्हिनाइलऐवजी पॉलिस्टायरीनच्या निघत. पॉलिस्टायरीनची रेकॉर्ड ताठ असते, नखाने हलकेच टिचकी मारली तर किनरा आवाज देते, आणि तिचे लेबल मागाहून चिकटवलेले असते. व्हिनाइलचे लेबल साच्यातच दाबले जाते. एकच सिंगल एका कारखान्यात व्हिनाइलवर आणि दुसऱ्यात पॉलिस्टायरीनवर निघाल्याचीही उदाहरणे आहेत, तेव्हा केवळ पदार्थावरून निवाडा करू नये. मी स्वतः एकदा परदेशी विक्रेत्याकडून रनआऊटचा फोटो न मागता एक सिंगल घेतली. ती आली तेव्हा मोनार्कचा ठसा असायला हवा तिथे चार वेडेवाकडे आकडे होते. तेव्हापासून दोन्ही बाजूंच्या रनआऊटचा फोटो आल्याखेरीज मी पैसे पाठवत नाही.

विक्रेते लिहितात ती दर्जाची इंग्रजी अक्षरेही शब्दशः घेऊ नयेत. व्हीजी म्हणजे फार चांगली असा अर्थ कागदावर असला, तरी व्यवहारात ती सतत खरखरणारी रेकॉर्ड असते. ऐकण्याजोगी हवी असेल, तर त्यापुढे अधिक चिन्ह असलेली घ्यावी. एलपी मागवताना ती पाकिटाबाहेर काढून पाकिटाच्या मागे ठेवून पाठवायला सांगावी, नाहीतर बॅलार्ड इस्टेटच्या विदेशी टपाल कार्यालयातून ठाण्याला पोहोचेपर्यंत रेकॉर्डची कड पाकिटाची शिवण फाडते. जवळपास शोधायचे असेल, तर चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटपेक्षा चरईतल्या आणि वसई भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतून, विशेषतः जहाजावर नोकरी केलेल्यांच्या कपाटांतून, मला अधिक मिळाले आहे. तिथे ग्रामोफोन कंपनीच्या डमडम कारखान्यात निघालेली मोटाउनची भारतीय प्रत दिसली, तर ती कमी प्रतीची समजून बाजूला टाकू नये.

वाजवण्याच्या बाबतीत एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी. वाशीच्या एका स्नेह्यांनी न्यू जर्सीहून जुना पट्ट्याचा प्लेअर आणला, ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, आणि सगळे गायक एकाएकी जडावलेल्या आवाजात गाऊ लागले. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची, आणि अशा प्लेअरची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालते, म्हणून ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड मिनिटाला साडेसदतीस फेऱ्यांनी फिरत होती. यावर साधा उपाय म्हणजे ५० हर्ट्झसाठीची मोठ्या व्यासाची पुली बसवणे. अमेरिकन सिंगलच्या मधले भोक सुमारे ३८ मिलिमीटरचे असते, त्यासाठी अडॅप्टरही लागतो. पॉलिस्टायरीनच्या रेकॉर्डवर झिजलेली सुई कधीही ठेवू नये, कारण एकाच वाजवण्यात खाचा खरवडल्या जातात आणि ती खरखर पुन्हा जात नाही.

ठाण्याच्या पावसाळ्यात रेकॉर्डला सर्वांत मोठा धोका बुरशीचा असतो. खाडीकडचा दमट वारा आणि बंद कपाट एकत्र आले की ऑगस्टपर्यंत पाकिटावर करडे ठिपके दिसतात. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, भिंतीपासून चार बोटे अंतर राखावे आणि ऊन पडेल त्या दिवशी कपाट उघडे टाकावे, पण रेकॉर्ड उन्हात मांडू नयेत. दुकानात मिळणारी जाड, चकचकीत पीव्हीसीची आवरणे वापरू नयेत. उष्म्यात त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ सुटतो आणि रेकॉर्डवर दुधी डाग बसतो. पॉलिप्रॉपिलीनची साधी पातळ आवरणे पुरतात. व्हिनाइलवरची बुरशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे आयसोप्रॉपिल अल्कोहोल मिसळून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने काढावी, मात्र आजोबांच्या लाखेच्या ७८ च्या रेकॉर्ड त्यात चुकूनही धुऊ नयेत, कारण अल्कोहोलने लाख विरघळते. पॉलिस्टायरीनसाठी नुसते डिस्टिल्ड वॉटर घ्यावे आणि लेबल कोरडे राखावे. रेकॉर्ड उभी वाळवून नव्या आतल्या पाकिटात घालावी, आणि त्याच वेळी रनआऊटमधले आकडे, ती कोणाकडून घेतली आणि कुठली माहिती कुठे मिळाली, हे पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बाहेरच्या आवरणात सरकवावी. शाईने लिहू नये. दमट हवेत शाई पाकिटावर उतरते.